पर्यटकाची सोय हा कामगाराचाही प्रश्न आहे

(बडोदा येथे रेल्वे आणि टपाल खात्यातील मराठी कर्मचाऱ्यांच्या अभ्यासवर्गात एका रेल्वे कामगार शाखेच्या सचिवांनी केलेले भाषण)



आजच्या वर्गाचा विषय वाचून काही सभासदांनी आम्हाला जिना चढतानाच गाठले. म्हणाले, सेक्रेटरीसाहेब, रिक्त जागा भरल्या जात नाहीत, पेन्शनचा प्रश्न आहे, कंत्राटी पद्धत दाराशी आली आहे, आणि तुम्ही बागबगीचे आणि सहलीच्या ठिकाणांवर काय बोलणार? त्यांचा प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर भाषण संपेपर्यंत मिळाले नाही, तर त्यांनी आम्हाला खुशाल जाब विचारावा.

आम्ही मॅट्रिक शिकलेले. व्यवस्थापन हा शब्द आम्ही पुस्तकातून शिकलो नाही, यार्डात आणि फलाटावर शिकलो. तिथे एक गोष्ट कळली. माणसे मोठ्या संख्येने एका जागी येतात तेव्हा त्यांची सोय करणे हे उपकाराचे काम नसते. ते हिशोबाचे, शिस्तीचे आणि पुरेशा मनुष्यबळाचे काम असते. स्टेशनला हे लागू आहे, पोस्टाच्या काउंटरला लागू आहे, आणि तितकेच सहलीच्या बागेलाही लागू आहे.

आपण बडोद्यात आहोत म्हणून कमाटी बागेपासून सुरुवात करू. विश्वामित्रीच्या काठची ही बाग 1879 साली झाली. सयाजीराव महाराजांचे नाव तिला आहे. बागेतले संग्रहालय 1894 चे. आपल्यापैकी कितीतरी जणांचे आजे-पणजे गायकवाडी नोकरीसाठी देशावरून इकडे आले आणि रविवारी मुलांना घेऊन याच बागेत फिरले. आम्हाला या बागेत विशेष वाटते ते फुलांचे नाही. राजाने बाग बांधली ती वाड्याच्या भिंतीआड ठेवली नाही, सामान्य माणसासाठी खुली केली. ज्या राज्याने 1906 साली सक्तीचे प्राथमिक शिक्षण आपल्या मुलखात लागू केले आणि गावोगाव वाचनालये काढली, त्याच विचाराची ती बाग आहे. येणारा माणूस हा हक्काने येतो, हे त्यात धरलेले आहे.

आता आपल्याच खात्याची एक जुनी गोष्ट सांगतो. 1909 साली बंगालमधील अहमदपूर स्टेशनावर ओखिलचंद्र सेन नावाच्या प्रवाशाला पोट बिघडल्यामुळे गाडीतून उतरावे लागले. तो परत येईपर्यंत गार्डने गाडी सोडली. धावताना तो फलाटावर पडला. त्याने मोडक्यातोडक्या इंग्रजीत रेल्वेच्या साहेबाला तक्रारीचे पत्र लिहिले. खालच्या वर्गाच्या डब्यात शौचालये येण्यामागे या पत्राचा हात आहे असे सांगतात. ते पत्र दिल्लीच्या रेल्वे संग्रहालयाने जपले. लोक ते वाचून आजही हसतात. आम्हाला मात्र त्यात हसण्यासारखे काही वाटत नाही. 1853 मध्ये बोरीबंदर ते ठाणे गाडी धावली. त्यानंतर पन्नासहून अधिक वर्षे पूल झाले, बोगदे झाले, घाट फोडले, आणि गरीब प्रवाशाला लघवीला कुठे जायचे याचा विचार करायला कुणाला सवड झाली नाही. इंजिनाला पाणी कुठे द्यायचे ते मात्र नकाशावर पक्के होते.

आजची अनेक पर्यटनस्थळे नेमकी इथेच अडकली आहेत. मोठी कमान आधी उभी राहते. रोषणाई होते, फोटोसाठी रंगीत अक्षरे लागतात. पिण्याच्या पाण्याचा नळ शोधायला अर्धा तास लागतो. बसायला बाक नाही, सावली नाही, म्हाताऱ्या माणसाला पायऱ्या चुकवून जायला उतार नाही. बाईमाणसाने सकाळी घरून निघताना पाणीच प्यायचे नाही, कारण तिथे शौचालय कसे असेल ते माहीत नाही. ही आपल्या घरातल्या प्रत्येक बाईची सहल आहे. विचारून पाहा.

आता एक अनुभव सांगतो. तो सांगायला आम्हाला बरे वाटत नाही, पण त्यासाठीच आज उभे आहोत.

2011 सालच्या मे महिन्यात आमच्या शाखेची कौटुंबिक सहल एका खाजगी जलउद्यानात गेली होती. नाव घेत नाही. दोन बस, बायकामुले धरून नव्वदच्या आसपास माणसे. गेटवर तिकिटांची रांग उन्हात. आत पाण्याच्या हौदांवर इतकी गर्दी की पाणी दिसत नव्हते. दुपारी आमच्या एका पॉइंट्समनची सात वर्षांची मुलगी घसरून खोल बाजूला गेली. हौदावर शिट्टीवाला मुलगा नव्हता. त्याची लाकडी खुर्ची रिकामी होती. आमच्या एका शंटरचे लक्ष गेले, त्याने कपड्यांसकट उडी मारली आणि पोर वर काढली. पोटातले पाणी काढले, पोर रडली, सगळ्यांचा जीव भांड्यात पडला. आज ती मुलगी शिकून नोकरीला लागली आहे.

आम्ही संतापलो होतो. शाखेच्या लेटरहेडवर कडक तक्रार लिहिली, चाळीस सह्या घेतल्या. "हौदावरील रक्षक कामाच्या वेळी गैरहजर होता, त्याच्यावर कारवाई व्हावी," असे स्पष्ट लिहिले. आठ दिवसांत उत्तर आले. संबंधित कर्मचाऱ्यास कामावरून कमी केले आहे, गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत. आम्ही ते पत्र नोटीस बोर्डावर लावले. विजय झाला असे समजलो.

पंधरा दिवसांनी एक एकोणीस-वीस वर्षांचा मुलगा युनियन ऑफिसात आला. चप्पल बाहेर काढून दारात उभा राहिला. त्याने गुजरातीत विचारले की हे कामगारांच्या युनियनचे ऑफिस आहे ना? आम्ही म्हटले, आहे, बस. तो बसला नाही. म्हणाला, त्या हौदावर मीच होतो. सकाळी आठपासून एकटाच होतो. तीन हौदांना दोन माणसे ठेवलेली. दुपारी गर्दी वाढली म्हणून सुपरवायझरने मला तिकिटाच्या खिडकीवर रांग सांभाळायला पाठवले. मी सांगितले होते की हौद रिकामा राहील. त्याने सांगितले, जा. आता मला काढले, सुपरवायझर आहे तिथेच आहे. तुम्ही कामगारांचे लोक ना, मग मला न विचारता माझ्या नावाने का लिहिले?

बंधूंनो, आम्ही इतकी वर्षे डिपार्टमेंटल चौकशीत कर्मचाऱ्यांच्या बाजूने उभे राहिलो. अपघात झाला की प्रशासन सर्वात खालचा माणूस धरते आणि फाईल बंद करते, असे शेकडो वेळा याच सभागृहात बोललो. आणि स्वतः पर्यटक झालो तेव्हा तेच केले. त्या मुलाला काय उत्तर दिले म्हणाल, तर काही दिले नाही. चहा मागवला, तो न घेताच तो गेला. नंतर आम्ही त्या व्यवस्थापनाला दुसरे पत्र लिहिले, हौदांवरची माणसे वाढवा आणि त्याला परत घ्या म्हणून. त्याचे उत्तर आले नाही. पुढच्या उन्हाळ्यात आम्ही मुद्दाम जाऊन पाहिले. तीन हौद, दोन माणसे. फक्त चेहरे बदललेले.

म्हणजे आमच्या तक्रारीने त्या ठिकाणची सुरक्षितता एका पैशानेही वाढली नाही. एका मजुराची भाकरी गेली, एवढेच.

तेव्हापासून आम्ही या प्रश्नाकडे वेगळ्या नजरेने पाहू लागलो. पर्यटकाची तक्रार आणि कामगाराची मागणी या दोन वेगळ्या गोष्टी नाहीत. पर्यटक म्हणतो हौदावर माणूस हवा. कामगार म्हणतो मला रिलीव्हर हवा. एकच वाक्य दोन तोंडांनी बोलले जाते. त्या दोघांना एकमेकांसमोर उभे करून भांडायला लावले की पैसे वाचवणारा तिसरा माणूस मागच्या खोलीत निवांत राहतो.

18 जानेवारी 2024 चा दिवस आपण बडोद्याचे लोक विसरू शकत नाही. हरणीच्या तलावात शाळेच्या सहलीची बोट उलटली. 12 विद्यार्थी आणि 2 शिक्षिका गेल्या. तलावाचे काम महापालिकेने कंत्राटाने दिलेले होते. बोटीत क्षमतेपेक्षा जास्त माणसे होती आणि सर्व मुलांच्या अंगावर जीवरक्षक जाकिटे नव्हती, हे नंतर पुढे आले. गुजरात उच्च न्यायालयाने आपणहून दखल घेतली. त्याच वर्षी 25 मे रोजी राजकोटच्या गेम झोनला आग लागून मुलांसह पंचवीसहून अधिक माणसे गेली. तिथे अग्निशमन दलाचा ना-हरकत दाखला नव्हता. 15 जून 2025 ला तळेगावजवळ कुंडमळ्याला इंद्रायणीवरचा जुना लोखंडी पूल रविवारच्या गर्दीत कोसळला, 4 जण दगावले. ही सगळी माणसे मौजेसाठी घराबाहेर पडली होती. त्यातली बहुतेक आपल्यासारख्याच घरांतली.

रेल्वेच्या माणसाला यातली चूक सांगावी लागत नाही. पुढचा सेक्शन मोकळा झाल्याशिवाय आपण गाडी सोडत नाही. लाइन क्लिअर मिळाली नाही तर ड्रायव्हर कितीही शिट्ट्या मारो, प्रवासी कितीही ओरडोत, स्टेशन मास्तर सिग्नल देत नाही. शंभर-दीडशे वर्षांच्या अपघातांतून ही शिस्त आली आहे. मग बोटीला लाइन क्लिअर का नसावी? पुलाला, हौदाला, पाळण्याला का नसावी? आत किती माणसे मावतात हा आकडा आधी ठरला पाहिजे. तो तिकिटाच्या खिडकीवर लावला पाहिजे. आकडा भरला की खिडकी बंद. गल्ला कमी होईल, होऊ दे. आपल्या घरातही आपण हे विसरलो तेव्हा काय झाले ते 29 सप्टेंबर 2017 ला एल्फिन्स्टन रोडच्या पुलावर दिसले. 23 प्रवासी चेंगरून गेले. पूल अरुंद आहे, हे रोज तिथून जाणाऱ्या प्रत्येकाला माहीत होते.

चांगले काही होतच नाही, असे म्हणणे खोटे होईल. आपल्याच भागात एकतानगरला सरदार पटेलांचा 182 मीटरचा पुतळा आहे. 31 ऑक्टोबर 2018 ला तो खुला झाला. घडवणारे शिल्पकार राम सुतार हे आपल्या धुळे जिल्ह्यातील गोंदूर गावचे. 17 जानेवारी 2021 पासून तिथे ब्रॉडगेजची गाडी जाते. ज्या डभोईला 1862 साली गायकवाडांच्या रेल्वेचे डबे बैल ओढत होते, त्याच डभोईवरून ही गाडी जाते, याचा आपल्याला अभिमान आहे. तिथल्या काही पद्धती शिकण्यासारख्या आहेत. वरच्या गॅलरीत एका वेळी साधारण 200 माणसे मावतात, म्हणून तिकिटावर वेळ घालून देतात. आठवड्यातून एक दिवस, सोमवारी, दर्शन बंद ठेवण्याची पद्धत आहे. आपण देखभालीसाठी ब्लॉक घेतो, तसाच हा. आसपासच्या आदिवासी भगिनी तिथे विजेवरच्या गुलाबी रिक्षा चालवतात. पाहुण्यालाही सोयीचे आणि त्या बाईच्या हातातही चार पैसे. मात्र धरणासाठी आणि नंतरच्या बांधकामांसाठी ज्यांच्या जमिनी गेल्या, त्या गावकऱ्यांच्या तक्रारी ऐकल्याशिवाय त्या ठिकाणाचे कौतुक पुरे होत नाही. पाहुण्याची पंगत मांडताना घरच्यांना उपाशी ठेवून चालत नाही.

आता कुणी म्हणेल, सेवेचा दर्जा सुधारायचा तर खाजगीकरण करा, कंत्राट द्या, सगळे चकाचक होईल. हे आपण रेल्वेत आणि पोस्टात रोज ऐकतो. हरणीचे कंत्राटच होते. आमच्या जलउद्यानात मालकच खाजगी होता. आणि सरकारी बागेतही कोरडे नळ आणि तुंबलेली शौचालये आम्ही पाहिली आहेत, तेही कबूल करतो. पाटी कोणाची आहे यावर दर्जा ठरत नाही. येणाऱ्याची गरज कोणी मोजली, ती भागवायला माणसे किती ठेवली, त्या माणसांना नाही म्हणण्याचा अधिकार दिला की नाही, यावर ठरतो. त्या मुलाने हौद सोडायला नकार दिला असता तर त्याची नोकरी राहिली असती काय? सुरक्षेसाठी नकार देणाऱ्याच्या पाठीशी कोणीतरी उभे असावे लागते. त्यालाच आपण युनियन म्हणतो.

पण आपल्यालाही आरशात पाहावे लागेल. गांधीजींच्या नावाने एक पाटी आपल्या बऱ्याच कचेऱ्यांत, पोस्टात, बँकेत लावलेली असते. ग्राहक हा आपल्या कामात अडथळा नसून आपल्या कामाचा हेतू आहे, अशा अर्थाची. अभ्यासक म्हणतात की गांधीजींच्या लेखनात हा मजकूर सापडत नाही. वाक्य कोणाचेही असो. त्या पाटीखाली बसून आपण पेन्शनर म्हाताऱ्याला "उद्या या" म्हणतो तेव्हा पाटी खोटी पडते. एका काउंटरवर तीन माणसांचे काम करावे लागते, हे खरे. सर्व्हर बंद असतो, हेही खरे. पण सर्व्हर बंद आहे हे नीट सांगायला मंजूर पदे लागत नाहीत. ज्या दिवशी रांगेतला माणूस आपल्या बाजूने बोलेल, त्या दिवशी रिक्त जागांच्या मागणीला खरी ताकद येईल. तो आपल्याला कामचुकार समजत असेल, तर आपल्या संपात तो आपल्यावरच चिडणार.

शेवटी कामाचे बोलतो. येत्या हिवाळ्यात शाखेची सहल काढायची असा बऱ्याच सभासदांचा आग्रह आहे. हरणीनंतर काही घरांतून विरोधही आहे. एका भगिनीने आम्हाला सांगितले की मुलगा सहलीचे नाव काढतो आणि माझ्या पोटात गोळा येतो. तिची भीती हसण्यावारी नेता येणार नाही. म्हणून कार्यकारिणीपुढे आम्ही पुढील सूचना ठेवत आहोत.

पहिली, सहलीच्या आधी पंधरा दिवस शाखेच्या दोघांनी, त्यात एक भगिनी असलीच पाहिजे, ते ठिकाण गर्दीच्या दिवशी पाहून यावे. दुसरी, त्यांनी पिण्याचे पाणी, स्त्रियांचे शौचालय, सावली, बाक, उतार आणि प्रथमोपचाराची सोय पाहून लिहून आणावी. तिसरी, एका वेळी किती माणसे आत घेतात आणि आकडा भरल्यावर खरोखर थांबवतात का, हे स्वतः उभे राहून पाहावे. चौथी, पाण्यावर, पाळण्यावर आणि बोटीवर किती माणसे ड्यूटीला आहेत, त्यांची ड्यूटी किती तासांची, त्यांना जेवायला सोडणारा रिलीव्हर आहे का, हे त्या माणसांनाच विचारावे. आपल्या गेटमनच्या आठ तासांच्या ड्यूटीसाठी आपण किती भांडलो ते आठवावे. बारा तास उन्हात उभ्या असलेल्या माणसाच्या भरवशावर आपले मूल पाण्यात सोडू नये. पाचवी, यातली एकही गोष्ट समाधानकारक नसेल तर ठिकाण बदलावे आणि का बदलले ते त्या व्यवस्थापनाला लेखी कळवावे. सहावी, तक्रार लिहायची तर आधी त्या जागी काम करणाऱ्याची बाजू ऐकावी. तक्रारीत माणसाचे नाव नको, व्यवस्थेतली उणीव हवी. "रक्षक गैरहजर होता" असे न लिहिता "तीन हौदांना दोनच रक्षक आहेत" असे लिहावे.

चाळीस सह्यांच्या त्या पत्रात आम्ही हे एक वाक्य लिहिले असते, तर कदाचित तिसरा माणूस नेमला गेला असता. नसताही. पण तो मुलगा आमच्या दारात त्या प्रश्नासह उभा राहिला नसता.

सुरुवातीला विचारले गेले की युनियनचा आणि बागेचा संबंध काय. संबंध एवढाच आहे. आठवड्यातले सहा दिवस आपण खिडकीच्या आत असतो आणि सातव्या दिवशी बाहेर रांगेत. माणूस तोच असतो. आतल्याने बाहेरच्याला आणि बाहेरच्याने आतल्याला ओळखले, तर दोघांचेही भले होईल.

या सूचनांवर जेवणानंतरच्या बैठकीत चर्चा व्हावी, विरोध असेल तर तोही मोकळेपणाने मांडावा आणि मग ठराव करावा, अशी अध्यक्षांना विनंती करून आम्ही आपली रजा घेतो.

कामगार एकजुटीचा विजय असो!